उणं बोट

या पक्ष्याचं नाव त्याच्याकडे काय आहे यावरून पडलेलं नाही; काय नाही यावरून पडलं आहे. तिबोटी खंड्या. डोक्यावर जांभळी झाक, पोट केशरी-पिवळं, पंख निळे-काळे, मानेच्या बाजूला एक निळा आणि एक पांढरा ठिपका, चोच आणि पाय पोवळ्याचे. एवढं सगळं समोर असताना नाव ठेवणाऱ्याने मोजली ती बोटं. चार हवी होती, तीन निघाली. जुन्या इंग्रजी पुस्तकांतही हा ‘तीन बोटांचा खंड्या’च होता.

गावात एखादा पेटी सुरेख वाजवतो आणि एका पायाने लंगडतो. त्याला कुणी पेटीवाला म्हणत नाही.

उणं चटकन मोजून होतं. असलेलं मोजायला बसावं लागतं.

*

लांबी १३ सेंटीमीटर, त्यातही चोचीचा वाटा मोठा. वजन १५ ग्रॅमच्या आसपास. दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवा, झालं. एवढ्याशा देहाला ही चोच कुणीतरी थोरल्या भावाची घालायला दिल्यासारखी दिसते. अंगाला येईल तेव्हा येईल म्हणून दिलेली, आणि अंग काही वाढलेलं नाही.

पण तो ती मिरवत नाही, वापरतो. कोकणातल्या गर्द झाडीत, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या अंगाला, जमिनीपासून हातभर उंचीच्या फांदीवर तो बसून असतो. बराच वेळ काहीच घडत नाही. मग डोकं एकदा वर-खाली होतं, आणि फांदी रिकामी. परत येतो तेव्हा चोचीत सापसुरळीचं पिल्लू असतं, किंवा कोळी, नाकतोडा, नखाएवढा बेडूक, खेकड्याचं पोर. ते फांदीवर आपटायचं. या कुशीवर, त्या कुशीवर. धोबी आपटतो तसं, मन लावून. खेकडा असला तर नांग्या गळेपर्यंत.

मासा क्वचित. मराठीत खंड्याला धीवर असंही म्हणतात, आणि धीवर म्हणजे मासे मारणारा. या कुळात जगभर जवळपास १२० जाती आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा जातींची चूल माशांवर पेटत नाही. त्या जंगलात बसून किडे-सरडे टिपतात. पाण्यात सूर मारणं हे कुळातल्या काही घराण्यांनी पुढे आपापलं कमावलेलं कसब आहे. आपण मात्र नदीकाठी राहणारे. आपल्याला नदीकाठचा भाऊ आधी भेटला आणि सगळ्या घराण्याला आपण कोळी ठरवून टाकलं.

आडनावं अशीच पडतात. पाटलांच्या घरात पाटीलकी कुठे असते?

*

तिबोटी दिसत नाही. तो जातो, ते दिसतं.

पायवाटेच्या वळणावर एक बारीक, धारदार शीळ कानाला टोचते, गुडघ्याच्या उंचीवरून काहीतरी केशरी सरळ रेषेत निघून जातं, आणि पुढे पानांवरून पाणी ठिबकत राहतं. ‘दिसला’ म्हणून वहीत नोंद होते. प्रामाणिक नोंद करायची तर ‘गेला’ असं लिहायला हवं.

मी पहिली तीन वर्षं त्याचं जाणंच पाहिलं. चौथ्या वर्षी तो मला चांगला दिसला, तोही मी शोधत नव्हतो तेव्हा. घरात.

जून उजाडला होता. वीज नुकतीच आली होती, पागोळ्या लागल्या होत्या, आणि रात्री अकराच्या सुमारास पडवीच्या काचेवर काहीतरी थाडकन आदळलं. आंबा पडला असेल म्हणून आई उठलीच नाही. मी बॅटरी घेऊन गेलो. फरशीवर एक रंगीत गोळा, चोच उघडी, डोळे अर्धवट मिटलेले. शेजारचे काका आवाज ऐकून आले होते. ते म्हणाले, “पाणी पाजू नको. खोक्यात ठेव आणि काळोख कर. दर साल एखादा येतो असा, दिव्याला फसून.”

हे छोटे खंड्ये स्थलांतराचा प्रवास रात्री करतात. दिवसा ज्याला दहा पावलांवरून पाहणं नशिबात नसतं, तो रात्री आपल्या डोक्यावरून, ढगांखालून, पाऊस अंगावर घेत जात असतो. सिंगापूरच्या उंच काचेच्या इमारतींच्या पायथ्याशी सकाळी जे पक्षी पडलेले सापडतात त्यांत यांचे भाईबंद असतात. कोकणात इमारत तेवढी उंच लागत नाही. पडवीचा एक दिवा आणि एक काच पुरते.

काचेचा दोष असा की ती आहे, पण नसल्यासारखी आहे. पक्ष्याला ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच ठाऊक. नसल्यासारखं असणं हा माणसाचा शोध.

त्याला चपलांच्या खोक्यात ठेवण्याआधी तो माझ्या हातात होता. मिनिटभर. हातात धडधडत होतं ते त्याचं हृदय की माझ्या बोटांतली नाडी, ते वेगळं काढता येत नव्हतं. वेळ थोडा होता आणि पाहण्यासारखं खूप होतं.

मी बोटं मोजली.

मीही.

पुढे दोन, जवळजवळ एकमेकांना चिकटलेली, मागे एक. पुढच्यांतलं आतल्या बाजूचं तिसरं बोट, जे इतर खंड्यांना असतं, त्याची जागा नुसती गुळगुळीत. तुटल्याची खूण नाही. जे कधीच नव्हतं त्याचा व्रण कसा असणार?

पहाटे पडवीच्या कठड्यावर खोकं उघडलं. तो दोन मिनिटं तसाच बसून राहिला, मग गेला. पुन्हा तेच: गेला, ते दिसलं.

*

१७५८ साली लिनियसने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं. पक्षी बंगालचा, आणि लिनियस भारतात कधी आलेला नाही. त्याने याला इतर खंड्यांच्याच प्रजातीत बसवलं होतं. पुढे १७९९ मध्ये लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने या बुटक्या खंड्यांना वेगळी प्रजाती दिली आणि नाव ठेवलं सीक्स.

सीक्स हा ग्रीक कथेतला राजा. समुद्रप्रवासाला निघाला, वादळात सापडला, बुडाला. बायको अल्सिओनी किनाऱ्यावर वाट पाहत होती. लाटांनी तिच्यापुढे त्याचं प्रेत आणून टाकलं. देवांना दया आली आणि त्यांनी दोघांचे खंड्ये केले. वर तिला एक वरदान: भर हिवाळ्यात चौदा दिवस समुद्र शांत राहील, वारा पडेल, आणि तेवढ्यात तिने घरटं करून पिल्लं उबवावी.

अल्सिओनीच्या नावावरून खंड्यांच्या दुसऱ्या एका प्रजातीचं नाव पडलं. आपल्या विहिरीच्या काठावर बसून खिंकाळणारा पांढऱ्या छातीचा साधा खंड्या त्या प्रजातीतला. म्हणजे देवांनी ज्यांना जोडीने ठेवलं त्यांना वर्गीकरणाने वेगळ्या घरांत नांदायला पाठवलं. काडीमोड लॅटिनमध्ये झाल्यामुळे कुणी भांडलं नाही.

गंमत याच्या पुढे आहे. वादळात बुडालेल्या राजाचं नाव ज्याला दिलं, तो आमचा तिबोटी घरटं करतो तेच मुळी वादळाच्या दिवसांत. त्याला शांत समुद्र नको, पडलेला वारा नको. मे महिन्यात जंगलातला पऱ्या म्हणजे वाळलेल्या पानांनी भरलेला दगडांचा एक रस्ता असतो. तेव्हा हा तिकडे फिरकत नाही. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळांनी शाकारल्या जातात, कोकणातला माणूस दाराला आडणा लावतो, आणि हा येतो.

मृगात यायचं, जोडीदार पाहायचा, आर्द्रात माती खणायची. अंडी उबायला साधारण सतरा-अठरा दिवस, पिल्लं उडायला आणखी अठरा-वीस. एका नक्षत्राचे तेरा-चौदा दिवस धरले तर अंडं म्हणजे सव्वा नक्षत्र, पिल्लू म्हणजे दीड. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य संपता संपता एक संसार आटोपतो. काही जोड्या आश्लेषा-मघांत दुसरा मांडतात. शेतकऱ्याचा तरवा आणि याची पिल्लं एकाच पंचांगावर वाढतात. शेतकऱ्याला पंचांग भिंतीवर टांगावं लागतं एवढंच.

अल्सिओनीला देवांनी चौदा दिवसांची सवलत दिली. याने सवलत मागितलेली दिसत नाही. पाऊस आला की कोळी येतात, बेडूक येतात, सापसुरळ्यांची पिल्लं दगडांखालून बाहेर पडतात, मुठे बिळांतून वर येतात. आपण ज्याला आडवा आलेला पाऊस म्हणतो, तो याच्या पिल्लांचं ताट आहे.

*

घरटं हा शब्द त्याच्या घराला लागू पडत नाही. घरट्यात काडी असते, पीस असतं, काहीतरी आणून रचलेलं असतं. हा काही आणत नाही. हा काढतो.

पऱ्याच्या काठची मातीची उभी कड तो निवडतो. समोरून उडत येऊन चोच मातीत खुपसायची, असं पुन्हा पुन्हा. पाय टेकण्यापुरती खाच झाली की आत शिरायचं, चोचीने उकरायचं आणि पायांनी माती मागे ढकलायची. ती जोडलेली बोटं इथे कामाला येतात. फावड्याला बोटं सुटी असून चालत नाही. नर आणि मादी पाळीपाळीने. हातभर, कधी त्याहून कमी लांबीचं बीळ. आत जाताना किंचित चढतं, म्हणजे पाणी आत न राहता बाहेर यावं. शेवटी मुठीएवढी पोकळी. त्या पोकळीत, अंथरुणाशिवाय, नुसत्या मातीवर चार-पाच पांढरी अंडी.

पांढरी, कारण लपवायची कुणापासून? आत काळोखच आहे.

घर म्हणजे भिंती, असं आपण समजतो. भिंती त्या कडेत आधीपासून होत्याच. त्याने केलं ते मधलं नसणं.

आणि ते घर घाणेरडं असतं. हे सांगायला पक्षिप्रेमी बिचकतात. खंड्यांच्या घरात झाडलोट नाही. पिल्लांची विष्ठा बिळाच्या तोंडातून पांढऱ्या ओघळाने बाहेर येते, न पचलेली किड्यांची कवचं आणि हाडं आतच तुडवली जातात, वास जवळ जाणाऱ्याला कळतो. आई-बाप बाहेर पडले की पाण्यात बुडी मारून अंग धुतात. पिल्लं जन्मतात उघडी, आंधळी. पुढे पिसं येतात तीही बराच काळ आवरणात गुंडाळलेली, सुयांसारखी. साळिंदराची पोरं वाटावीत. त्या काळोखातून, त्या घाणीतून एका सकाळी पिल्लू बाहेर पडतं, आणि त्याच्या अंगावर सगळे रंग असतात. थोडे मळकट, चोच अजून फिकी. पण असतात.

चिखलातल्या कमळाची उपमा इथे सुचते. ती देऊ नये. कमळाला चिखलात ढकलून आपण कमळाचं कौतुक केलं आणि चिखलाचं काम विसरलो.

*

मातीच्या या कडेला कोकणात एक शब्द आहे: दरड.

याला हवी असते ती नेमकी हीच. भिजून मऊ झालेली, म्हणजे चोच शिरेल. पण इतकीही भिजलेली नको की घरासकट खाली येईल. या दोहोंच्या मधे जेवढी जागा उरते तेवढ्यात त्याचा वंश चालतो.

रायगड जिल्ह्याने याला आपला जिल्हापक्षी म्हणून निवडलं आहे. २०२१ च्या २२ जुलैला महाडजवळच्या तळियेवर डोंगर आला तो याच जिल्ह्यात. २०२३ च्या १९ जुलैच्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर आला तोही याच जिल्ह्यात. दोन्ही वेळा पुनर्वसू सरून पुष्य लागण्याचे दिवस. बिळात तेव्हा पिल्लं वाढत असतात. त्या दोन दुर्घटनांनंतर दरड हा शब्द मला पक्ष्यांच्या वहीत सहज लिहिता येत नाही. एकाच मातीचं एकाला घर होतं आणि दुसऱ्यावर घर पडतं. यात माती काही ठरवत नाही, हे कळतं, आणि कळून काही हलकं होत नाही.

पक्ष्याला शहाणा म्हणण्याचा मोह इथे होतो. तोही टाळावा. त्याचीही कड ढासळते. फक्त त्याची बातमी होत नाही.

रस्त्याचंही असंच. डोंगर कापून रस्ता जातो तेव्हा मातीची ताजी उभी कड तयार होते, आणि जंगलातल्या वाटेच्या अशा कडेत तिबोटी बिनतक्रार घर करतो. त्याला रस्ता कुणाचा, किती पदरी, हे विचारायचं नसतं. मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळ्याच्या अभयारण्यातूनच जातो. १९६८ साली पक्ष्यांसाठी राखलेलं ते जंगल, आणि त्याच्या पोटातून ट्रक. पण कड सुटी ठेवणं रस्त्याला परवडत नाही. पुढच्या वर्षी तिच्यावर जाळी येते, दगडांची बांधणी येते, सिमेंट फासलं जातं. माणसांचे जीव वाचवायचे तर हे करावंच लागेल, यावर माझा वाद नाही. एवढंच पाहिलं आहे की रस्ता आधी दरड देतो आणि मग परत घेतो, आणि मधल्या एका पावसाळ्यात कुणीतरी तिथे राहून गेलेलं असतं.

*

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट.

एका पुष्यात मी अशाच एका बिळासमोर बसलो होतो. बारा-तेरा पावलांवर, इरल्याखाली, कॅमेरा तिकाटण्यावर. बीळ मला कुणीतरी दाखवलं होतं, आणि त्यालाही कुणीतरी दाखवलं होतं. आदल्या आठवड्यात तिथे गाड्या येऊन गेल्या होत्या. कुणीतरी बिळासमोर सोयीची फांदी रोवून ठेवली होती, म्हणजे पक्षी तिच्यावर बसावा आणि मागे हिरवळ छान यावी. फांदी मी रोवली नव्हती. उपटलीही नव्हती.

तो आला. चोचीत सापसुरळी, डोकं पुढे करून धरलेली. पिल्लाला भरवायची असली की भक्ष्याचं तोंड पुढे ठेवतात, स्वतः खायची असली तर स्वतःकडे. इतकं मला माहीत होतं. फांदीवर बसला. डोकं वर-खाली केलं. मी शंभरेक फोटो काढले. तो उडाला, परत आला, पुन्हा त्याच फांदीवर. पुन्हा शंभर. पाऊस थांबला होता, पानांमधून तिरपं ऊन आलं होतं, आणि तो सापसुरळी धरून या बाजूने, त्या बाजूने असा काही बसत होता की मी मनात म्हटलं, काय पोज देतोय!

चाळीस मिनिटं.

घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले तेव्हा लक्षात आलं. सगळ्या फोटोंत सापसुरळी तीच होती. शेपटीचा तोच तुकडा तुटलेला.

तो पोज देत नव्हता. मी उठायची वाट पाहत होता.

आत चार-पाच तोंडं उघडी असणार. त्यांचं घर दाखवलं जाऊ नये म्हणून तो घरात जात नव्हता, आणि ज्याच्यापासून लपवायचं त्याला घर आधीच माहीत होतं. त्या शंभरांतला एक फोटो फारच सुंदर आला. तो मी कुणाला दाखवत नाही असं लिहायला मला आवडलं असतं. दाखवतो.

पाहण्याला वजन असतं, हे पंधरा ग्रॅमच्या पक्ष्याला कळतं. पाहणाऱ्याला खुर्ची लागते, छत्री लागते, दोन फुटी लेन्स लागते, आणि तरी त्याला वाटतं आपण तिथे नाही आहोत. काचेसारखं.

*

रंगासाठीच आलो होतो आम्ही सगळे, आणि त्यातला निळा तर नाहीच.

म्हणजे दिसतो, पण पिसात निळं द्रव्य कुठेच नसतं. पिसाच्या तंतूंत केराटिनची अतिसूक्ष्म जाळी असते, मधे हवेची भोकं. प्रकाश त्या जाळीत शिरतो आणि त्यातला निळा तेवढा नीट जुळून परत येतो. पीस कुटून पूड करा, निळा उरणार नाही. नीळ, हळद, कुंकू कुटले तरी रंग सोबत राहतो. हा सोबत राहणारा नव्हेच.

म्हणूनच तो लवकर विटतही नाही. चीनमध्ये राजघराण्यातल्या बायकांच्या मुकुटांत दुसऱ्या खंड्यांची पिसं मीनाकारीसारखी बसवत. पक्षी गेले, राण्या गेल्या, राज्य गेलं. संग्रहालयांतल्या त्या दागिन्यांत निळा अजून ताजा आहे. रंग असता तर उडाला असता.

आता पुन्हा त्या पक्ष्याकडे पाहावं. बोट नाही, त्यावरून नाव. माती नाही, तिथे घर. द्रव्य नाही, तो रंग. दिसतं ते त्याचं जाणं.

असा मनुष्य असता तर आपण त्याला दरिद्री म्हटलं असतं, किंवा संत. दोन्हीत त्याची चौकशी करायचं राहून गेलं असतं.

*

पूर्वेकडे, मलाया आणि बोर्निओच्या जंगलांत, याचा एक भाऊबंद राहतो. आपल्याकडच्याची पाठ काळी-निळी, त्याची तांबूस. दोघं जिथे भेटतात तिथे जोड्या जमतात आणि मिश्र पाठीची पिल्लं होतात. मग पुस्तकं भांडतात: या दोन जाती, की एकीचीच दोन रूपं? एका आवृत्तीत एकत्र, दुसरीत वेगळे. रक्त तपासलं तर वंश बरेच आधी फुटल्याचं दिसतं. जंगलात पाहिलं तर पुन्हा मिसळताना दिसतात.

मराठीत आपण त्यालाही ‘जात’च म्हणतो. पक्ष्यांना हा शब्द माणसांनी दिला. त्यांनी तो घेतला नाही.

*

हस्त संपत आला की भात पिवळं पडू लागतं, आणि पऱ्याचा आवाज एक-एक दगडाने कमी होतो. तिबोटी कधी गेला ते कळत नाही. येणारा काचेवर आपटून सांगतो; जाणारा सांगत नाही. एके दिवशी शीळ ऐकू येत नाही, आणि ती आठवडाभर ऐकू आलेली नाही हे त्या दिवशी लक्षात येतं.

ऑक्टोबरात मी पुन्हा त्या कडेशी गेलो. गाड्यांची चाकं उमटली होती तिथे आता गवत गुडघाभर होतं. रोवलेली फांदी तशीच उभी, तिला खाली एक कोंब फुटलेला. कुणीतरी ओली फांदी रोवली होती आणि ती रुजली होती. बिळाखालचा पांढरा ओघळ पावसाने धुऊन गेला होता. काका मागून आले, गवत कापायला निघालेले, खांद्यावर विळा.

“काय बघतोस?”

“काही नाही.”

त्यांनी वाकून आत पाहिलं. बिळाच्या तोंडावर, या काठापासून त्या काठापर्यंत, एका कोळ्याने जाळं विणलं होतं आणि मधोमध तो बसला होता, आठही पाय पसरून.